अणुऊर्जेविषयी गावात बोलायचे तर

सिन्नर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : शाळेच्या विज्ञान मंडळातर्फे आसपासच्या गावांत अणुऊर्जेवर कार्यक्रम घ्यायचे ठरले, परंतु पहिल्याच सभेत अणुबॉम्ब, फुकुशिमा आणि जैतापूर हे विषय निघाले आणि त्यानंतर कोणी काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत राहिले नाही. अशा वेळी लोकांचे गैरसमज दूर करून अणुविजेला त्यांची मान्यता कशी मिळवावी?

मी अणुवीज केंद्रात किरणोत्सार-संरक्षणाच्या कामावर होतो आणि निवृत्तीनंतर नाशिकला राहून शाळा-महाविद्यालयांत व ग्रामपंचायतींच्या सभागृहांत या विषयावर बोलत असतो. त्या अनुभवावरून प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. आपल्या प्रश्नात दोन निराळी कामे एकत्र आली आहेत. विषयाची समज वाढवणे हे शाळेचे काम आहे. मान्यता मिळवणे हे ज्याला प्रकल्प उभारायचा आहे त्याचे काम आहे, आणि ते आपण अंगावर घेऊ नये. शिक्षिका मान्यता मागायला आली आहे असे एकदा गावाला वाटले, की तिने सांगितलेले खरे आकडेसुद्धा जाहिरातीत जमा होतात. दुसरे असे की समज वाढली म्हणून विरोध कमी होईल, या भरवशावर राहू नये. माझा अनुभव असा आहे की समज वाढते तसे प्रश्न कमी होत नाहीत, ते अधिक नेमके होतात. आणि नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर देणारा माणूस समोर उभा आहे की नाही, यावरच पुढचे सगळे ठरते.

सुरुवात बॉम्ब आणि अणुभट्टी यांतील फरकाने करू नये. तो फरक खरा आहे (भट्टीतील युरेनियम बॉम्बइतके समृद्ध नसते, त्यामुळे तिचा अणुबॉम्बसारखा स्फोट होऊ शकत नाही), पण त्याने सुरुवात केली की सभा पहिल्या मिनिटापासून बचावाच्या पवित्र्यात जाते. आपल्या जिल्ह्याला याहून चांगली सुरुवात आयती मिळालेली आहे आणि ती म्हणजे लासलगाव. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र तिथे २००२ सालापासून आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा वापर केला जातो, आणि बऱ्याच वर्षांच्या बंदीनंतर २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले तेव्हा पहिले आंबे याच केंद्रातून प्रक्रिया होऊन गेले. निफाड, येवला, चांदवड या भागांत ही माहिती कानावर आलेली असते. फक्त तिचा अणुऊर्जेशी संबंध कोणी जोडून दाखवलेला नसतो.

या कांद्याविषयी पहिला प्रश्न हमखास येतो : किरणे मारलेला कांदा स्वतः किरणोत्सारी होतो का? होत नाही, आणि त्याचे कारण नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला समजेल असे आहे. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कांद्यातील कार्बन, ऑक्सिजन किंवा नायट्रोजन यांच्या अणुकेंद्रात फेरफार करायला ती पुरत नाही. कोंबाच्या वाढत्या पेशींना मात्र ती पुरते. हे सांगून झाल्यावर मी थांबत नाही. कांद्याला दिली जाणारी मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणऊर्जेचे एकक) असते, आणि माणसाच्या सर्वांगाला चार-पाच ग्रे मात्रा एकदम मिळाली तर जीव जाऊ शकतो, हेही तिथेच सांगतो. सभागृहात थोडी चलबिचल होते. पण हा आकडा आज आपण सांगितला नाही, तर उद्या तो मोबाइलवर कुणीतरी दाखवणार आणि आपण तो लपवला असे ठरणार. त्याच ओघात, कोबाल्टचा स्रोत वापरात नसताना खोल पाण्याच्या टाकीत उतरवून ठेवतात आणि जाड काँक्रीटच्या भिंतींआडच तो वापरतात, हे सांगितले की धोका आणि त्याची सोय या दोन्ही गोष्टी एकदमच लोकांसमोर येतात.

मी सोबत दोन कांदे नेतो, एक विकिरण केलेला आणि एक चाळीतला, दोन्ही काही महिने साठवलेले. दोन्ही उभे चिरून ताटलीत ठेवतो. चाळीतल्या कांद्याच्या पोटात हिरवा कोंब वर सरकलेला दिसतो. विकिरण केलेल्या कांद्यात कोंब नसतो, पण मधोमध, जिथून तो फुटायचा तिथे, तपकिरी झालेला ठिपका बऱ्याचदा दिसतो. मेलेल्या कोंबाचीच ती खूण असते. हा ठिपका मी स्वतःहून बोट ठेवून दाखवतो, आणि हेही सांगतो की विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही. कांदा नीट सुकवलेला नसेल किंवा काढणीनंतर फार उशिरा नेला असेल तर पैसे वाया जातात. कांद्याच्या बाबतीत निफाडच्या शेतकऱ्याला कोणी फसवू शकत नाही. आपल्या तंत्राचे उणे हा माणूस स्वतःच सांगतो आहे असे दिसले, की पुढे भट्टीविषयी तो जे सांगेल ते निदान ऐकून तरी घेतले जाते.

त्यानंतर मोजमाप. किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून त्याची भीती निराळी असते. पण तो मोजायला फार सोपा आहे, आणि कीटकनाशकाच्या अंशाविषयी किंवा विहिरीतील नायट्रेटविषयी हे म्हणता येत नाही. हातात धरण्याचा एक साधा किरणोत्सार-मापक मिळवावा आणि तो आपल्या हातात ठेवू नये, गावातल्या मुलांच्या हातात द्यावा. नाशिकच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टवर, आकडा कमी येतो, बहुधा तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) आसपास किंवा त्याहूनही खाली, कारण या खडकात युरेनियम-थोरियमचे प्रमाण थोडे आहे. मग कुणाच्या तरी नव्या घरातील ग्रॅनाइटच्या ओट्यावर मापक ठेवायला सांगावे. काही ग्रॅनाइटांवर आकडा थोडा चढतो. पेट्रोमॅक्सच्या बत्तीची जुन्या प्रकारची थोरियमयुक्त जाळी मिळाली तर तिच्याजवळ मापक चांगलाच टकटकू लागतो. (ही जाळी पाकिटातच ठेवावी; कुस्करून तिची पूड नाकात जाऊ देऊ नये.) घरातलीच वस्तू बोलू लागलेली पाहून मुलांचे चेहरे बदलतात, आणि मोठी माणसे पुढे सरकून बसतात.

हे झाले की आकडे सांगावेत, त्याआधी सांगू नयेत. जगात माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट) मात्रा मिळते; केरळच्या थोरियमयुक्त मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी ती याच्या कितीतरी पट आहे. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण सात मिलिसिव्हर्ट मिळतात. अणुवीज केंद्रामुळे सर्वसामान्य माणसाला वर्षाला जास्तीत जास्त एक मिलिसिव्हर्ट एवढीच अधिक मात्रा मिळावी अशी आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे, आणि केंद्रांभोवती प्रत्यक्षात नोंदली जाणारी मात्रा तिच्या अगदी लहान अंशाएवढी असते. केंद्रात काम करणाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० अशी आहे. प्रत्येक केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते आणि ती आसपासच्या गावांतील दूध, मासे, धान्य व पाणी यांचे नमुने नियमितपणे तपासते. इथे एखादा चाणाक्ष श्रोता विचारतो की ही प्रयोगशाळा कोणाची. ती भाभा अणुसंशोधन केंद्राची, म्हणजे त्याच अणुऊर्जा विभागाची असते. हा आक्षेप योग्य आहे आणि तो योग्य आहे असे म्हणावे. ज्या गावाला स्वतःचा मापक वापरता येतो त्याला सरकारी आकडा पडताळून पाहण्याची निदान एक वाट मिळते, आणि माझ्या मते मोजमाप शिकवण्याचा खरा उपयोग हाच आहे.

विजेचा हिशेब मांडायला नाशिकमध्ये एकलहऱ्याचे कोळशावरील वीज केंद्र हाताशी आहे. तेथील २१० मेगावॉटचे तीन संच पूर्ण भाराने चालले तर दिवसाला सुमारे दीड कोटी युनिट वीज होते. युनिटमागे अंदाजे ७०० ग्रॅम कोळसा धरला तर रोज दहा हजार टनांहून अधिक कोळसा लागेल, म्हणजे जवळजवळ तीन मालगाड्या, आणि भारतीय कोळसा असल्यामुळे त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राख. आता अर्धा मीटर लांबीचा, पंधराएक किलो वजनाचा, आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या (हायड्रोजनच्या जड प्रकारापासून बनलेल्या पाण्याच्या) भट्टीत वापरला जाणारा नैसर्गिक युरेनियमचा एक इंधन-गठ्ठा घ्या. त्यातून अंदाजे सहा लाख युनिट वीज मिळते. तीन मालगाड्यांच्या जागी पंचवीस गठ्ठे. हे गणित फळ्यावर विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे, सांगू नये.

पण या गणिताकडून फार अपेक्षा ठेवू नका. एकलहऱ्याच्या राखेचा त्रास परिसराने वर्षानुवर्षे सोसला, आणि तरीही तिथे प्रस्तावित असलेला ६६० मेगावॉटचा नवा संच व्हावा म्हणून त्याच परिसरातील लोकांनी आणि कामगारांनी वारंवार मागणी केली. घरातली माणसे तिथे कामाला आहेत, दुकाने त्या पगारावर चालतात, केंद्राचा भोंगा ओळखीचा आहे. जोखमीचे आकडे विचारात घेऊन कोणी ही मागणी केली नव्हती. अणुविजेलाही हेच लागू पडते, मात्र तिच्या बाबतीत ओळखच नसते. देशाच्या एकूण विजेत तिचा वाटा सुमारे तीन टक्के आहे आणि बहुतेक लोकांनी अणुवीज केंद्र पाहिलेले नसते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉटचे उद्दिष्ट आणि छोट्या भट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपये जाहीर झाले आहेत. तेव्हा आज ज्या जिल्ह्यांना हा विषय दूरचा वाटतो त्यांच्यापैकी काहींच्या दारात तो येणारच आहे.

लोक प्रत्यक्षात काय विचारतात ते आता पाहू. नाशिक जिल्ह्यात पहिला प्रश्न पाण्याचा असतो. गंगापूर आणि दारणेचे पाणी जायकवाडीला सोडायचे की नाही यावर दर तुटीच्या वर्षी इथे वाद होतो. अशा ठिकाणी ‘भट्टीला पाणी कुठून आणणार’ या प्रश्नाला गैरसमज म्हणणे चुकीचे ठरेल. वाफेवर चालणाऱ्या कोणत्याही केंद्राला थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि अणुवीज केंद्राला तेवढ्याच क्षमतेच्या कोळशाच्या केंद्रापेक्षा थोडे अधिकच लागते. म्हणून तारापूर आणि कुडनकुलम समुद्राकाठी आहेत, रावतभाटा चंबळेवरील राणा प्रताप सागर जलाशयाकाठी आहे. दुसरा प्रश्न जमिनीचा, तिसरा नोकरीचा. अपघाताचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोही बहुधा ‘झाला तर आम्हाला कोण सांगणार’ या रूपात.

अपघातांविषयी बोलताना काटछाट करू नये. चेर्नोबिलला १९८६ साली भट्टीभोवती आपल्याकडे असते तसे भक्कम कवच नव्हते, हे खरे. पहिल्या काही महिन्यांत तीसच्या आसपास माणसे दगावली, हेही खरे. आणि दूषित दुधामुळे लहानपणी किरणोत्सारी आयोडीनची मात्रा मिळालेल्या हजारो मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला, हेही तितकेच खरे. फुकुशिमात २०११ साली किरणोत्साराने तात्काळ कोणी मेले नाही, पण दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, आणि स्थलांतराची दगदग, तुटलेले उपचार, वृद्धाश्रमांतून घाईने हलवलेली म्हातारी माणसे यांत दोन हजारांहून अधिक मृत्यू झाले. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, १९६९ सालच्या, फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीप्रमाणेच जनरल इलेक्ट्रिकच्या आणि उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. नाशिकपासून तारापूर सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे. हे सभेत कोणी विचारण्याची वाट पाहू नये. आपणच सांगावे, आणि मग आणीबाणीच्या नियोजनाचे क्षेत्र केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत असते, त्या क्षेत्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वेळोवेळी सराव होतात आणि किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडमध्ये साठू नये म्हणून साध्या आयोडीनच्या गोळ्यांची सोय ठेवलेली असते, हे सांगावे.

आपल्याकडे घडलेल्या घटनाही सांगाव्यात. १९९३ साली उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनच्या दालनात आग लागून केंद्राची सगळी वीज गेली. कर्मचाऱ्यांनी अंधारात, धुरात वर चढून भट्टीत न्यूट्रॉन शोषून घेणारे बोरॉन सोडले आणि ती बंदच राहील याची खात्री केली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. २००९ साली कर्नाटकातील कैगा केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी मुद्दाम ट्रिटियमयुक्त (किरणोत्सारी हायड्रोजन असलेले) जड पाणी मिसळले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले. नरोऱ्याची हकिगत सांगताना श्रोते एकदम शांत होतात, कारण त्या भट्टीमागे माणसे आहेत हे त्यांना तेव्हा प्रथम जाणवते. कैग्याची हकिगत अडचणीची आहे, पण ती वगळली तर नरोऱ्याचीही किंमत राहत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र अपघाताचे नाही. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी कुडनकुलम केंद्राकडून सायबर हल्ल्याच्या बातमीचा इन्कार झाला आणि दुसऱ्याच दिवशी अणुवीज महामंडळाने मान्य केले की प्रशासकीय कामाच्या जाळ्याशी जोडलेल्या एका संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडले होते. भट्टीचे नियंत्रण त्या जाळ्यापासून वेगळे होते आणि त्याला काही झाले नव्हते. तांत्रिकदृष्ट्या घटना किरकोळ होती. पण त्या एका दिवसाच्या इन्काराने जे नुकसान केले ते भरून काढायला कितीही माहितीपत्रके पुरणार नाहीत. वाईट बातमी प्रथम केंद्राकडून, मराठीत आणि त्याच दिवशी मिळाली पाहिजे. ती वर्तमानपत्रातून कळली की पुढची चांगली बातमीही संशयानेच वाचली जाते.

जैतापूरविषयी आपल्या सभेत जो आवाज चढला तो बहुधा याच कारणाने. १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्यांचा तो प्रकल्प. आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक बळी गेला. तिथला विरोध किरणोत्साराच्या अज्ञानातून आला असे मानणाऱ्यांनी २०१० सालच्या जनसुनावणीच्या वेळच्या तक्रारी पाहाव्यात. पर्यावरण अहवाल मराठीत आणि वेळेवर हाती आला नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. कायद्याने सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. मच्छीमाराला आणि आंबा बागायतदाराला हजारो मेगावॉटच्या भट्ट्यांविषयी बोलायला बोलवायचे आणि कागद मात्र उशिरा, इंग्रजीत द्यायचे, तर तो भट्टीच्या सुरक्षिततेवर विश्वास कसा ठेवील? तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरण या गावांच्या पुनर्वसनाचा वादही वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात चालला. दोन्ही भट्ट्या २००५-०६ पासून वीज देत आहेत. पण त्या गावांतल्या लोकांना आणि त्यांच्या नातलगांना तारापूर म्हणजे वीज नव्हे, तो भूखंडांचा आणि भरपाईचा हिशेब आहे. नव्या ठिकाणी प्रकल्प नेणाऱ्याने आधी जुन्या प्रकल्पग्रस्तांचा हिशेब पुरा करावा, यापेक्षा परिणामकारक लोकशिक्षण मला माहीत नाही.

नियामकाविषयीही लोक विचारतात, विशेषतः वकील आणि निवृत्त शिक्षक. अणुऊर्जा नियामक मंडळ पुरेसे स्वतंत्र नाही असे कॅगने (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) २०१२ च्या अहवालात म्हटले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या अणुऊर्जेविषयीच्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, आणि त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना या क्षेत्राची वाट मोकळी झाली. यामुळे विश्वासाचा प्रश्न सोपा होईल असे मला वाटत नाही. सरकारी केंद्राच्या बाबतीत जाब कोणाला विचारायचा हे निदान माहीत असे.

कचऱ्यावर थोडक्यात बोलावे. वापरलेले इंधन आधी पाण्याच्या तलावात ठेवतात, मग त्यावर पुनर्प्रक्रिया करून उरलेला तीव्र किरणोत्सारी भाग काचेत गोठवतात. तारापूरला हे काम होते. त्याचे आकारमान थोडे असते. पण त्याच्या कायमच्या जागेचा निर्णय भारतात अजून झालेला नाही, आणि हे वाक्य गाळू नये.

आता आपल्या कार्यक्रमाविषयी. पहिल्या सभेत भाषण ठेवू नका; आल्याबरोबर कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, प्रश्न लिहून घ्या आणि ते सर्वांसमोर मोठ्याने वाचा, अगदी टोमणा असला तरी. ज्याचे उत्तर येत नाही तो फळ्यावर तसाच लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी उत्तर घेऊन या. केंद्रातील अधिकारी बोलवणार असाल तर व्यासपीठावर प्रकल्पाला विरोध करणारा एक अभ्यासू माणूसही हवा, आणि दोघांना सारखाच वेळ द्या. अणुवीज स्वस्त, स्वच्छ, संपूर्ण सुरक्षित अशा घोषणांचे फलक लावू नका. ‘संपूर्ण’ हा शब्द ऐकला की माझाही विश्वास उडतो. लासलगावच्या केंद्राला विद्यार्थ्यांची भेट ठरवायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्या आणि एप्रिल ते जून हा आंबा-निर्यातीचा काळ टाळा. जाताना गावातले दोन-तीन कांदा उत्पादक सोबत न्या. तेथील तंत्रज्ञांना खर्च, भाडे आणि सडीचे प्रमाण याविषयी जे प्रश्न ते विचारतील, ते मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा.